नसलेल्या बाईचा पत्ता

रझाकभाई वाचताना ओठ हलवीत. आवाज येत नसे. पण समोर बसलेल्याला कळे, की वाक्य कुठवर आले आहे. ओठ थांबले, की वाक्यात काहीतरी अडले असे समजावे. पुन्हा हलू लागले, की अडचण दूर झाली. कधी कधी ते बराच वेळ थांबत आणि पाहत राहत. फोनकडे नव्हे, फोनच्या पलीकडे, लिहिणारा जिथे बसला असावा तिकडे.

ही सवय शाळेतच मोडतात, असे मी त्यांना एकदा सांगितले.

"आमच्या शाळेत मास्तरांचेच ओठ हलायचे, सायेब," ते म्हणाले. "कोण कुणाची मोडणार?"

मी एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो. ज्याचा जन्म मोजमापात गेला त्याला रेंगाळणारी माणसे आवडत नाहीत. रझाकभाई रेंगाळत. तरीही मोशीला आमच्या सोसायटीच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली, दोन खुर्च्या ठेवलेल्या असत आणि त्यांतली एक माझी असे. याचे कारण मी कधी शोधले नाही.

अंगाने ते किरकोळ होते. दाढी आखूड, पांढरी. उन्हाळा सोडला तर अंगात नेहमी एक राखी स्वेटर. पिंपरी कॅम्पातल्या एका गल्लीत त्यांचे शेगड्या, कुकर, मिक्सर दुरुस्तीचे दुकान होते. हात थरथरू लागले. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना. तेव्हा दुकान मुलाकडे गेले. मुलाने शेगड्या भंगारात घातल्या आणि भिंतीवर मोबाइलची कव्हरे टांगली. हे सांगताना रझाकभाई तक्रार करीत नसत. "रंगीत दिसतं आता," एवढेच म्हणत.

त्यानंतर त्यांच्याजवळ जे उरले, ते कट्ट्यावरचे वाचन.

कट्टा म्हणजे एक मराठी संकेतस्थळ. त्याचे खरे नाव देत नाही. आम्ही त्याला कट्टाच म्हणत असू. घरातली वस्तू बिघडली, की लोक तिथे विचारतात आणि दुसरे लोक उपाय लिहितात. लिहिणारा कोणीही असू शकतो, म्हणून लिहिलेले लगेच सर्वांना दिसत नाही. आधी ते तपासनिसाकडे जाते. तपासनीस म्हणजे आमच्यासारखे, बिनपगारी. समोर आलेले वाचायचे आणि दोनपैकी एक बटण दाबायचे: योग्य किंवा अयोग्य. बटण दाबले, की ते लेखन समोरून जाते आणि दुसरे येते. चुकीचा उपाय पुढे गेला तर कोणाचा हात भाजेल, कोणाचा जीवही जाईल. यासाठी तपासणी. आणि तपासनीस स्वतः जागा आहे ना, हे कळण्यासाठी चाचणी.

चाचणीची कल्पना वैशालीची. ती कट्ट्याची कारभारीण. मूळची परभणीची, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, गुणवत्ता विभागात. तिथे पाळी सुरू होताना चांगल्या नगांत मुद्दाम एक खराब नग सोडतात. त्याच्या बुडाला लाल ठिपका असतो. तपासणाऱ्याने तो नग बाजूला काढला तरच काम पुढे चालू होते. ही रीत आमच्याकडेही होती आणि मला ती मान्य आहे. वैशालीने तीच कट्ट्यावर आणली. खऱ्या लेखनांत अधूनमधून एखादे बनावट लेखन येई, धडधडीत चुकीचे. ते ज्याने योग्य ठरवले, किंवा नुसता पाहत बसला आणि ठरलेली वेळ संपू दिली, त्याच्यापुढे लाल पाटी येई: ही चाचणी होती, तुमचे लक्ष नव्हते. मग काही दिवस तपासणी बंद. तिसऱ्यांदा तीच पाटी आली, तर कायमची.

रझाकभाईंना पहिली पाटी आली ती कुकरमुळे.

कुणा बाईने लिहिले होते, की कुकरची शिट्टी सतत उडते म्हणून तिने तिच्या जागी बोल्ट आवळला आहे. आता आवाज नाही, वाफही वाया जात नाही. सर्वांनी असेच करावे. यावर अयोग्य हे बटण दाबायला क्षणही पुरे. रझाकभाईंनी बटण दाबले नाही. खाली शेरा लिहायची जागा असते, तिथे त्यांनी लिहिले, "ताई, गॅस आधी बंद करा. मी मोशीत असतो. कुकर घेऊन या. चहा इथंच घेऊ." त्याखाली सोसायटीचे नाव, फाटक, कडुनिंब, सारी खूण. मग फोन मांडीवर ठेवून ते रस्त्याकडे पाहू लागले.

मी खाली उतरलो तेव्हा माझ्या खुर्चीवर त्यांनी रुमाल टाकून ठेवला होता.

"कोणासाठी?"

"कुकरवालीसाठी. येईल आता. माणूस घाबरलं की लगेच निघतं."

"रझाकभाई, अशी बाई नाही. ती चाचणी होती. पाटी पाहा."

त्यांनी पाटी पाहिली. ओठ हलवून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. रुमाल उचलला, झटकला, घडी घालून खिशात ठेवला.

"नसेल," ते म्हणाले. "पण असा कुकर कुणाच्या तरी ओट्यावर असेलच की, सायेब."

मी बसलो. नियमात हे कुठे बसत नव्हते.

आमच्या फाटकापासून इंद्रायणी दूर नाही. हिवाळ्यात सकाळी नदीवर धुके असते आणि कधी पाण्यावर फेसही असतो. लांबून त्यांतला फरक कळत नाही. पलीकडचा काठ दिसेनासा होतो. वाहने पुलावरून जातात, पण ती येताना दिसतात आणि मध्येच नाहीशी होतात. रझाकभाईंना ही वेळ आवडे. अशा वेळी लिहिणारे लोक त्यांना दिसतात, असे त्यांचे म्हणणे.

"हा बघा," ते फोन पुढे करीत. "उभ्यानं लिहितोय. घाईत. मागून बायको बोलतेय."

"तिथे मोटारीच्या बेअरिंगबद्दल लिहिले आहे."

"बेअरिंगबद्दलच आहे. पण तीन वेळा 'लवकर सांगा' म्हणालाय. पाणी वर चढत नाहीये. घरात पाहुणे असतील."

मला बेअरिंगच दिसे. पाहुणे दिसत नसत. हे मी त्यांना सांगत असे, आणि ते मान हलवून म्हणत, "तुम्ही दारातून वाचता, सायेब. आत या ना."

रविवारी कधी तपासनीस जमत. जागा म्हणजे पिंपरीला रझाकभाईंच्या मुलाच्या दुकानाचा माळा. खाली कव्हरांचा रंगीत पडदा, वर आम्ही चटईवर. मोशीचे जुने नाना हमखास येत. गावातले मूळ घर, कंपन्या आल्या तशी शेती गेली, पण बोलणे तेच राहिले. नाना तपासणीत सर्वांत पुढे. त्यांना एकही पाटी आली नव्हती.

"नाना, तुम्ही इतकं भराभर वाचता तरी कसं?" वैशालीने विचारले.

"वाचतंय कोन?" नाना म्हणाले. "आमी वाचीत न्हाई. चाचनी वासावरनं कळती. लई गुळगुळीत लिवल्यालं असलं, की समजायचं, ह्यो आपल्या वैशूचाच माल हाय."

"आणि खरे लोक लिहितात, त्याचं काय?"

"त्येला काय, खरं हाय म्हनल्यावर दाबून टाकायचं योग्य. मानूस कशाला खोटं सांगंल?"

माळ्यावर हशा झाला. वैशाली हसली नाही. तिने डोक्याला हात लावला.

"बघा काका," ती रझाकभाईंना म्हणाली, "हे न वाचता पास होऊ लागलेत, आणि तुम्ही वाचून वाचून नापास. माझ्या यंत्राला मी काय सांगू?"

"यंत्राला सांग, रझाक हळू आहे."

"ते त्याला कळत नाही हो. त्याला दोनच गोष्टी कळतात. दाबलं, नाही दाबलं."

"आमच्या मिक्सरला पण दोनच कळायच्या," रझाकभाई म्हणाले. "तरी त्याला थोपटलं की चालायचा."

नानांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "भाई, तुमी त्या खोट्या बायांना च्या पाजा. आमी हितं खऱ्यांचं बघतो."

रझाकभाईही हसले. पण चहा आला तेव्हा त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला, आणि तरीही तो बशीत वाजत राहिला. सर्वांनी तो आवाज ऐकला आणि कोणी तिकडे पाहिले नाही.

दुसरी पाटी आली त्या दिवशी मी शेजारीच होतो. दुपारची वेळ. नळाचे पाणी येऊन गेले होते. सोसायटीत कोणी फिरकत नव्हते; महामार्गाचा आवाज तेवढा दुरून, झोपेत ऐकू यावा तसा येत होता. रझाकभाईंच्या हातात एक लेखन होते. पंखा बंद पडला तर कपॅसिटरच्या दोन्ही तारा ओल्या बोटांनी धरून पाहा, असे काहीसे. चूक उघड होती. ते ओठ हलवीत होते, शेवटी पोहोचत होते आणि पुन्हा वरून सुरुवात करीत होते.

"काय अडले?"

"काही नाही."

"मग दाबा."

त्यांनी बोट उचलले. ते थरथरले. त्यांनी परत ठेवले.

"हिनं लिहिलंय, 'जरा बघा बाई, माझं ऐका, मग म्हणाल,'" ते म्हणाले. "हलीमा असंच म्हणायची. 'मग म्हणाल.' पुढं काय म्हणायचं ते कधी सांगायची नाही."

हलीमा त्यांची बायको. तिला जाऊन काही वर्षे झाली होती. ती हे लिहीत नाही, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते.

"बटण दाबलं की समोरून जातं ना," ते म्हणाले.

कडुनिंबाची पाने पडत होती. एक फोनवर पडले, ते त्यांनी फुंकून उडवले. वेळ संपली. लाल पाटी आली.

त्यानंतर वैशाली स्वतः मोशीला आली. पाळी संपवून, कंपनीचा गणवेश अंगात, दुचाकी फाटकाशी लावून. रझाकभाईंनी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"काका, हे काय करायलात तुम्ही? दोन झाल्या. आता तिसरी झाली तर यंत्र माझंसुद्धा ऐकणार नाही. तुमचं नाव निघालं की निघालं. मी कुणाकुणाला सांगू, की हे माणूस झोपलेलं नव्हतं, जरा जास्तच जागं होतं?"

"कुणाला नको सांगू, बेटा."

"मग दाबत जा ना हो! चूक दिसली, अयोग्य. संपलं. तुम्हाला काय वाटतं, तुमच्या दाबण्यानं कुणाचं वाईट होतं?"

रझाकभाई म्हणाले, "मी अयोग्य म्हटलं तर ते लिहिणं जाईल. लिहिणारी बाई तिथंच राहील की. बोल्ट लावलेल्या कुकरसमोर."

"पण बाईच नाही ना तिथं!"

"ते मला आधी कसं कळावं?"

वैशालीने माझ्याकडे पाहिले. मी तिच्या बाजूचा होतो. नियम म्हणजे नियम, आणि हा नियम लोकांच्या जिवासाठी होता. तसे मी बोललोही.

रझाकभाईंनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. ते हलत होते, वाऱ्याने पान हलावे तसे, त्यांच्या इच्छेशी संबंध नसल्यासारखे. "हे गेले," ते म्हणाले. "डोळे आहेत अजून. हे वाचणं राहू दे, एवढंच. आता मी दाबीन. शिकतो."

ते खरोखर शिकू लागले. पुढचे काही आठवडे मी पाहत होतो. वाचत, ओठ हलवीत, मग डोळे मिटून बटण दाबीत. लहान मूल कडू औषध गिळते तसे. एकही पाटी आली नाही. मला बरे वाटले. त्यांचा चेहरा मात्र उतरत गेला. फाटकाशी ते पूर्वीसारखे कोणाच्या घरातले पाहुणे मला दाखवीत नसत.

मग थंडी वाढली आणि महाळुंग्याच्या बाईचे लेखन आले.

सकाळ होती. धुके सोसायटीच्या भिंतीपर्यंत आले होते. रझाकभाईंनी फोन माझ्यापुढे धरला. तो हातात इतका हलत होता, की मला तो धरून ठेवावा लागला. लिहिले होते ते असे:

"गॅस गीझरचे पाणी लवकर तापावे म्हणून न्हाणीची खिडकी कापडाने गच्च बुजवावी. आम्ही महाळुंग्याला असेच करतो. खिडकीतून समोरची निळी टाकी दिसायची, ती आता दिसत नाही, पण थंडी येत नाही. आंघोळीत जरा चक्कर येते, मग सवय होते. सर्वांनी करून पाहावे."

"चाचणी," मी म्हणालो. "अयोग्य दाबा."

"चक्कर येतेय तिला."

"रझाकभाई, लाल ठिपका माझ्या डोळ्यांना दिसतो आहे. याहून उघड चाचणी असू शकत नाही. आणि ही तिसरी आहे. दाबा आणि मग काय करायचे ते करा."

"दाबलं की जातं ते. पत्ता त्याच्यात आहे."

"पत्ता? महाळुंगे आणि एक निळी टाकी?"

"एवढा पुष्कळ झाला, सायेब. लोक तर याच्याहून कमी सांगतात." ते उठून उभे राहिले. "तुमची स्कूटर चालू आहे का?"

मी त्यांना पुन्हा सांगितले, की तपासणी कायमची बंद होईल. त्यांनी ऐकले. त्यांना ते समजले, हेही मला दिसले. कारण त्यांनी फोनकडे एकदा पाहिले, घर सोडताना माणूस पाहतो तसे. मग तो तसाच उघडा, छातीच्या खिशात ठेवला.

मी स्कूटर काढली. का काढली, हे विचारू नये.

महाळुंग्याला पोहोचेतो धुके ओसरू लागले होते. कारखान्यांचे पत्रे आधी दिसले, मग त्यांच्यामध्ये अडकलेले गाव. एकावर एक चढवलेल्या खोल्या, बाहेरून लोखंडी जिने, प्रत्येक जिन्यावर वाळत घातलेले गणवेश. पाळीला जाणारे लोक बसकडे पळत होते. रझाकभाई रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि वर पाहू लागले. टाक्या होत्या, काळ्या. सगळ्या काळ्या. निळी एकही दिसेना.

"परत जाऊ," मी म्हणालो.

त्यांचे लक्ष टाक्यांवर नव्हते. ते न्हाणीघरांच्या लहान खिडक्या पाहत होते. त्यांचा हात वर गेला. एका खिडकीत गोधडीचा तुकडा कोंबलेला होता. तिच्या बाजूच्या खिडकीत पोते. वरच्या मजल्यावर पुठ्ठा. धुके विरत गेले तसतशा आणखी दिसू लागल्या. जणू त्या आत्ताच तिथे उगवत होत्या.

ते जिना चढले. मी मागून गेलो. दार एका तरुण बाईने उघडले. पदर डोक्यावर, हात ओले. आत न्हाणीत पाण्याचा आवाज आणि गीझरची घरघर.

"कोण तुम्ही? गॅसवाले का?"

"कुणाचेच नाही, ताई. खिडकी बुजवलीय तुम्ही."

"थंडी वाजती ना काका. लेकरू आंघोळ करायलंय."

"आंघोळीत चक्कर येते का?"

आधी तिने माझ्याकडे पाहिले, मग आत.

"येती," ती म्हणाली. "पण ती मला अशक्तपणाची येती. आमचे हे म्हणले, गोळ्या आणतो."

"लेकराला?"

तिने ओल्या हाताने तोंड झाकले आणि आत धावली. मुलगी बाहेर आली, टॉवेलात गुंडाळलेली, गाल लाल. ठीक होती. गीझर बंद केला. खिडकीतली गोधडी ओढायला रझाकभाई पुढे झाले; हात साथ देईनात. मी ओढली. बाहेरची थंड हवा आत आली. गीझर न्हाणीत ठेवायचाच नाही, बाहेर सज्जात टांगायचा, नाहीतर त्याचा विषारी वायू आत कोंडतो आणि चक्कर त्याचीच असते, हे रझाकभाईंनी तिला समजावून सांगितले. त्यांनी हळू सांगितले. घाबरवले नाही. मग तिला म्हणाले, बाजूच्या बायकांना तुम्हीच सांगा, आम्ही परके आहोत. ती त्याच साडीत, तशीच, बाजूचे दार वाजवायला गेली.

जिन्यावर मी म्हणालो, "सापडली तुमची बाई."

"ही ती नाही."

"कशावरून?"

"हिच्या खिडकीतून भिंत दिसते, सायेब. टाकी कुठंय?" ते पायऱ्या उतरू लागले. "चला. ती अजून तशीच असेल."

छातीच्या खिशात फोन वाजला. त्यांनी काढून पाहिला. लाल पाटी होती. जिन्याच्या मध्यावर थांबून त्यांनी ती वाचली. तुमचे लक्ष नव्हते. वरच्या मजल्यावरून बायकांचे आवाज येत होते, एक दार, मग दुसरे. कोणीतरी पोते ओढून काढत होते आणि त्याची धूळ उन्हात आमच्या डोक्यावरून खाली तरंगत येत होती. रझाकभाईंनी फोन बंद केला आणि ते पुढच्या गल्लीकडे वळले.

वैशाली रविवारी मोशीला आली. या वेळी खुर्चीवर बसली.

"काका, तुमच्यासाठी म्हणून सोपी लिहिली होती हो," ती म्हणाली. "पहिल्या ओळीतच चूक दिसावी अशी. म्हटलं, ही पास झाली की तुमच्या मागच्या दोन्ही पाट्या मीच पुसेन, सगळं संपेल. याच्याहून सोपी मला लिहिताच आली नसती."

"सोपी नव्हती, बेटा," रझाकभाई म्हणाले. "पत्ता फार अवघड होता."

ती हसली. मग ते हसू गेले. दुसऱ्या नावाने खाते उघडून देते, असे ती म्हणाली. यंत्राला कळणार नाही. रझाकभाईंनी मान हलवली. दुसऱ्याच्या नावाने आपल्याला वाचता येणार नाही, असे ते म्हणाले. त्यांनी तिला चहा दिला, कप तिच्या हातात जाईपर्यंत निम्मा सांडला.

"एक सांग," ते म्हणाले. "ती बाई तू कुठं पाहिलीस?"

"कुठं नाही. मनानं लिहिली."

"मनात कुठून आली?"

वैशाली कपाकडे पाहत राहिली. महामार्गावर एक ट्रेलर बराच वेळ जात होता.

"नवीन लागले होते तेव्हा आम्ही मुली महाळुंग्याला एका खोलीत राहायचो," ती म्हणाली. "न्हाणीची खिडकी आम्हीच बुजवली होती. जुन्या ओढणीनं."

"चक्कर यायची?"

"यायची. हसायचो आम्ही. रात्रपाळीचा थकवा म्हणायचो."

"आणि निळी टाकी?"

"होती समोर. आता आहे का ठाऊक नाही."

"म्हणजे होती," रझाकभाई म्हणाले. टाकीबद्दल म्हणाले की बाईबद्दल, ते मी विचारले नाही. वैशालीने खोली कुठे होती ते सांगितले: गिरणीच्या मागे, दुसरा जिना. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले.

कट्टा चालूच आहे. चाचण्याही चालू आहेत आणि त्या असाव्यात, असेच माझे मत आहे. त्यांवाचून नानांसारख्यांना आवर नाही. वैशालीने एक बदल केला: बटण दाबल्यावरही लेखन लगेच जात नाही, हवे तर थोडा वेळ समोर ठेवता येते. हा बदल कोणासाठी, ते तिने कोठे लिहिले नाही.

पुढे रझाकभाई मिरजेला मुलीकडे राहायला गेले. तिथेच वारले, असे त्यांच्या मुलाकडून कळले. माझी आणि त्यांची शेवटची भेट झाली ती त्याआधीची, आणि तिला भेट म्हणता येईल का, शंकाच आहे.

मी एका लग्नासाठी चाकणच्या पलीकडे चाललो होतो. बस महाळुंग्यापाशी ट्रेलरांच्या रांगेत अडकली. थंडीचेच दिवस होते. ऊन आले होते, पण त्याला अजून धार नव्हती. सगळे पिवळसर, मऊ, अंतरावरचे वाटत होते. खिडकीतून गिरणीची पाटी दिसली. तिच्या मागच्या बोळाच्या तोंडाशी राखी स्वेटर घातलेला एक माणूस मान वर करून उभा होता.

मी हाक मारली नाही. काच लावलेली होती.

वरच्या मजल्यावर एक बाई कठड्यावरून वाकून काही विचारत होती. त्यांनी हात वर केला. तो इतका हलत होता, की नेमके काय दाखवताहेत ते तिला कळेना. मग त्यांनी दुसऱ्या हाताने तो हात धरला, आणि धरून ठेवून दाखवले. बाई आत गेली. जरा वेळाने न्हाणीच्या लहान खिडकीतला कापडाचा बोळा हलला, आत ओढला गेला, आणि तिथे काळोखाचा एक चौकोन उघडा पडला.

रझाकभाईंनी मान खाली केली. दोन पावले पुढे सरकले. पुन्हा वर पाहू लागले.

ट्रेलर हलले. बस निघाली.